दवणसाळीची साक्ष

दुसऱ्याच्या घरी जेवायला बसलेला माणूस आमटी खारट झालीय असं कधी सांगत नाही. उलट ‘झकास झालीया’ म्हणून आणखी वाटीभर वाढून घेतो. भुदरगडात हा शिष्टाचार इतका मुरलेला आहे, की त्याच्यावर उतारा म्हणून सरकारला एक यंत्र आणावं लागलं, असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही.

२०४१ सालचा भाद्रपद चालला होता. फणसवाडीच्या भात संशोधन केंद्रात, बियाणं सुकवायच्या लांबट खोलीत, आनंदा आरडे ऊर्फ आबा हे त्र्याहत्तर वर्षांचे शेतकरी खुर्चीत ताठ बसले होते. डोळ्यांवर काळा रुमाल बांधलेला, कपाळावर दोन बोटं रुंदीची राखाडी पट्टी. पुढ्यात भाताच्या चार वाट्या. काचेच्या तावदानापलीकडे त्यांची मुलगी, केंद्राची प्रमुख डॉ. वृषाली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून उभी होती. तिला आतलं ऐकू येत होतं, बोलायची मात्र मुभा नव्हती.

“काका, ही तिसरी वाटी,” सरकारी निधीच्या पुण्याच्या कार्यालयातून आलेल्या गौतमी वानखडे म्हणाल्या. “घास सावकाश चावा. तुम्ही पूर्वी खायचात तो तांदूळ हाच का?”

आबांनी घास चावला, गिळला. मग मान हलवून म्हणाले, “ह्योच. ह्योच आमचा दवणसाळ. काय शंकाच न्हाई.”

तिसऱ्या वाटीतच दवणसाळ होता. वृषालीनं तावदानाला टेकवलेला हात खाली घेतला. अकरा वर्षं तिनं या एका वाक्याची वाट पाहिली होती. पण गौतमी वानखडे हसल्या नाहीत. त्यांनी समोरचा पडदा दोनदा पाहिला, आणि मग उठून तावदानाकडे आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून वृषालीला काय ते कळलं.

दवणसाळ हा कुणा मोठ्या मुलखाचा तांदूळ नव्हता. फणसवाडीच्या झऱ्याकाठच्या दहा-बारा खाचरांत तो पिकायचा. उतारा कमी, उंची जास्त, वारा आला की आडवा. एकेका घरानं तो सोडला, आणि शेवटी २००३ साली आरड्यांच्या घरातून तो संपला. मागे उरली ती एक जुनी कणगी, आबांच्या गोठ्याच्या माळ्यावर उपडी पडलेली. बांबूच्या त्या कणगीला आतून शेणमातीचा लेप होता आणि त्या लेपात भाताचं तूस मळलेलं होतं. तुसाच्या सुकलेल्या पेशींत त्या वाणाचा जनुकीय आराखडा तुकड्यातुकड्यांनी शिल्लक होता, एखादी पोथी वाळवीनं खाल्ल्यावर मधली मधली पानं उरावीत तसा. वृषालीनं ते तुकडे वेचले. गाळलेल्या जागा दवणसाळीच्या जिवंत भाऊबंदांवरून संगणकाकडून भरून घेतल्या. मग जवळच्या एका वाणात एकेक बदल करत, दिव्यांच्या उजेडात वर्षाला चार-चार पिढ्या काढत, तिनं तो तांदूळ पुन्हा उभा केला.

हे सगळं ‘हरवलेले वाण निधी’ या सरकारी योजनेतून चाललं होतं. शेवटचा हप्ता मिळाला की बियाणं शेतकऱ्यांच्या खाचरांत जाणार होतं. नाही मिळाला, तर नियमाप्रमाणे सगळं बियाणं मोहोरबंद होऊन पुण्याच्या शीतगृहात जाणार, आणि केंद्रानं दवणसाळीचं खाचर दुसऱ्या कामाला घ्यायचं. संगणकानं भरलेल्या जागा बरोबर आहेत की नाहीत हे संगणक सांगू शकत नाही. ते सांगणार कोण, तर तो तांदूळ खाल्लेला माणूस. म्हणून नियमावलीत कलम अकरा आलं होतं. साक्षीदाराची तोंडी साक्ष आणि पट्टीची नोंद, दोन्ही जुळल्या पाहिजेत.

पट्टीची गोष्ट साधी आहे. वास ओळखीचा आहे हे मेंदूला शब्द सुचण्याच्या आधी कळतं, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात. नाकातली वार्ता सरळ मेंदूच्या फार जुन्या घडीत जाते, माया आणि भीती जिथं राहतात तिथं. अलीकडे भेटलेला वास आणि कोवळ्या वयात किंवा मोठ्या दुःखा-सुखात भेटलेला वास, यांचा तिथला ठसा वेगळा असतो. पट्टी हे दोन ठसे ओळखते आणि पडद्यावर दोन रेघा काढते. अलीकडची ओळख असेल तर निळी रेघ चढते, जुनी असेल तर तांबडी.

आबा “ह्योच” म्हणाले, तेव्हा तांबडी रेघ शेतातल्या बांधासारखी सपाट पडून होती.

“काका मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही, मॅडम,” गौतमी वानखडे म्हणाल्या. “पण तोंड आणि पट्टी जुळली नाही की तो साक्षीदार बाद होतो. दुसरा कुणी असेल तर मार्चअखेरपर्यंत एक चाखणी परत घेता येईल.”

दुसरा कोण असणार होता? यादीत तिघं होती. एक श्रावणातच गेले होते. दुसऱ्या बाईंची वास घ्यायची शक्ती करोनात गेली ती परत आली नव्हती. तिसरे आबा.

घरी जाताना वृषालीच गाडी चालवत होती. पहिल्या वळणावर तिनं विचारलं.

“आबा, खोटं का बोललासा?”

“अकरा वरसं राबलीस तू. न्हाई कुठल्या तोंडानं म्हणू?”

“तिसरी वाटी कशी ओळखलीसा मग?”

“आधीचं दोन मला ठावं हुतं. रोजच्यातलं. ह्यो नवा लागला, म्हंजी तुझा.” आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “चांगला हाय गं तांदूळ. मऊ हाय, वास हाय. पर आमचा न्हवं.”

वृषालीनं गाडी रस्त्याकडेला घेतली. तिला रडू येत होतं, आणि संशोधकाला रडू येण्याआधी प्रश्न विचारायची सवय असते. “मग तुमच्या आठवणीतला कसा हाय? नीट सांगा.”

आबांनी डोळे मिटले. “त्येला धुराचा वास हुता. निरगुडीच्या पाल्याचा बी. जिभंला मागनं जरा कडसर लागायचा.”

“धुराचा वास कसा येईल? कणगी तर आपली माजघरात असायची. चुलीपासनं लांब.”

आबांनी डोळे उघडले. “कणगीतला न्हवं. मुडीतला.”

भात पिकवणाऱ्या घरात जन्मलेल्या माणसाला याच्यापुढं काही सांगावं लागत नाही. कणगीतलं भात खायचं असतं. मुडी बियाणाची असते. पेंढ्याच्या दोरानं आवळून बांधलेला भाताचा गोळा, कीड लागू नये म्हणून आत निरगुडीचा पाला, वर चुलीचा धूर. पेरणीपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. घरात उपास पडला तरी बियाणाला विळा लावायचा नाही, असं मानणारी ही माणसं.

“तुम्ही बियाणं खाल्लंसा?” वृषालीनं विचारलं.

“तुझ्या आयनं खाल्लं.” आबांचा आवाज सरळच होता. “वैशाख हुता. माझ्या छबूला पाणी बी पचत नव्हतं. डॉक्टरनं हात टेकलं हुतं. एक दिस म्हणाली, वाईच दवणसाळीची पेज करून द्या. कणगी शिमग्यातच रिकामी झालीती. मी मुडी उतरली आन् इळा लावला. रोज मूठभर शिजवायचो. निवली का बघाया घोटभर मी घ्यायचो. तेवढंच तिच्या पोटात ऱ्हायचं. ती गेली तवा शेरभर उरलं हुतं, ते तिच्या दिवसकार्याला शिजवलं.”

“आणि गावात?”

“उंदरानं खाल्लं म्हून सांगितलं. काय सांगणार? बायकूला पेज पाजाया गावाचं बी मोडलं म्हणू?”

वृषालीच्या प्रबंधात, पान बेचाळीसवर, ‘शेवटचे बियाणे उंदरांच्या उपद्रवामुळे नष्ट झाले’ असं तळटीपेसकट छापलेलं होतं. त्या वाक्यासाठी तिला परीक्षकांनी शाबासकी दिली होती. एरवी ती हसली असती.

तिला राग आला नाही. उलट काहीतरी सैल झालं. आबांनी लहानपणापासून कणगीतला दवणसाळ तीस-पस्तीस वर्षं खाल्ला असेल, पण त्या एका महिन्यानं मागच्या सगळ्या भातांवर लिंपण केलं होतं. मेंदू आठवणी कपाटात ठेवल्यासारख्या ठेवत नाही. काढल्या की नव्यानं सारवून ठेवतो. आबा रोज तो महिना काढत होते. कणगीतला तांदूळ त्यांच्याजवळ उरलाच नव्हता.

“पर ती एकटी खायाची न्हाई,” आबा पुढं म्हणाले. ते आता थांबणार नव्हते. “तुला मांडीवर घ्यायची. एक चमचा तुला, एक तिला. तू गिळलंस तरच ती गिळायची. अडीच वरसाची हुतीस तू. शेवटी शेवटी तिला हात उचलत नव्हता, तर मी भरवायचो दोघींना.”

वृषालीनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. आई तिला फक्त फोटोतली माहीत होती. लग्नातला एक, आणि रेशनकार्डावरचा एक. आवाज नाही, हात नाही, पदराचा वास नाही. शाळेत मुली आईच्या हातच्या कशाकशाबद्दल बोलायच्या तेव्हा ती दप्तर आवरायला लागायची. दवणसाळीच्या मागं ती अकरा वर्षं का लागली, हे निधीच्या अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं. आईच्या घरात भात शिजताना कसा वास येत असेल, एवढंच तिला एकदा बघायचं होतं. आणि तो भात तर तिनं खाल्ला होता. महिनाभर.

“मला का नाही कधी सांगितलंसा?”

“सांगून काय, तुला थोडंच आठवणार हुतं?”

दुसऱ्या दिवशी तिनं पुण्याला फोन लावला आणि दुसऱ्या साक्षीदाराचं नाव दिलं, वृषाली आनंदा आरडे. पलीकडून नियमावलीची पानं चाळल्याचा आवाज आला. मग गौतमी वानखडे म्हणाल्या, “नियमात संशोधकानं साक्षीदार होऊ नये असं कुठंच नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नसेल. पण तुम्ही तर हा तांदूळ रोज हुंगताय. निळी रेघ चढणारच. मला तांबडी लागेल, आणि प्रश्नही तसाच विचारीन. लहानपणी खाल्लेला आठवतो का, असा.”

“विचारा. फक्त तांदूळ मुडीतला हवा.”

“चारही वाण मुडीतच ठेवायचे मग. नाहीतर पट्टी धूरच ओळखेल. आणि चाखणीपर्यंत तुम्ही त्या मुड्यांच्या आसपास फिरकायचं नाही.”

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. यंदा सहा महिने थांबायची गरज वृषालीला होती, आणि सरकार कधी नव्हे ते तयार होतं. आबांनी गॅसची शेगडी कोपऱ्यात सरकवली, मागच्या परड्यातून माती आणून चूल घातली आणि चार मुड्या बांधल्या. अडतीस वर्षांनी पेंढा वळताना त्यांचा हात एकदाही अडला नाही. गावात चुली बंद होऊन जमाना झालेला. तिसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या हवामापकानं बोंब ठोकली, आणि ग्रामसेवक तपासायला आले. आबांनी त्यांना केंद्राचं पत्र दाखवलं. पत्र वाचून ते चुलीवरचा चहा पिऊन गेले, आणि पुढं अधूनमधून चहासाठीच येत राहिले.

वृषाली दर रविवारी यायची. पण तिला बाहेरच्या सोप्याच्या पुढं जायची मुभा नव्हती. ती बाहेर खांबाला टेकून बसायची, आबा आत चुलीपाशी, आणि मधल्या दारातून बोलणं चालायचं.

“आई कशी बोलायची, आबा?”

“भराभरा. निम्मं मला कळायचंच न्हाई. सीमेकडची न्हवं का ती, मधीच कानडी बोलायची.”

“आणि मला काय म्हणायची?”

“चिमणे म्हणायची. तू रडलीस की कानडीत कायतरी गाणं म्हणायची. मला न्हाई येत ते.”

घरी परतताना ती ‘चिमणे’ हा शब्द स्वतःशी म्हणून बघायची, मोठ्यानं, हळू, घाईघाईनं. कुठंच काही हलायचं नाही. अडीच वर्षांच्या मुलाच्या आठवणींना शब्द नसतात, हे तिला शास्त्र म्हणून ठाऊक होतं. त्या नसतात असं नव्हे, फक्त त्यांना आवाज देऊन बोलावता येत नाही. माहीत असूनही ती बोलावत राहिली. थंडी गेली, शिमगा आला. आतून धूर येऊन खांबाभोवती रेंगाळायचा, तेव्हा ती नियमाप्रमाणे नाकाला ओढणी लावायची आणि मनातून ती काढावीशी वाटायची.

मार्च संपायला तीन दिवस असताना चाखणी झाली. तीच लांबट खोली, तीच खुर्ची. या खेपेला तावदानापलीकडे आबा उभे होते. तांदळाचं रूप ओळखू येऊ नये म्हणून चारही वाण पेज करून ठेवले होते. गौतमी वानखडेंनी तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि पट्टी आवळली.

पहिली वाटी परकी होती. दुसरी वाटी तोंडाजवळ आली, आणि वृषालीला कळलं. धुराखाली, निरगुडीच्या कडवटपणाखाली तिचाच तांदूळ होता, अकरा वर्षांचा सोबती. डोळे बांधून शंभरांतून तिनं तो काढून दिला असता. तिनं पेज तोंडात घेतली, घोळवली आणि वाट पाहिली.

काही आलं नाही. मांडी नाही, चमचा नाही, कानडी गाणं नाही. तोंडात पेज होती, बस.

“हा तांदूळ ओळखता का?”

“ओळखते. आमच्या केंद्रातला आहे.”

“लहानपणी खाल्लेला आठवतो का? हो की नाही, तेवढंच सांगा.”

‘हो’ म्हणायला काय लागत होतं? वाटी बरोबर होती. आबांनी सांगितलेलं खरं होतं. एक शब्द, आणि पुढच्या पावसाळ्यात फणसवाडीच्या खाचरांत दवणसाळ उभा राहिला असता. तावदानापलीकडच्या म्हाताऱ्यानं मोडलेलं बी त्याच्या डोळ्यांदेखत परत आलं असतं. पट्टीचं काय ते पट्टी बघून घेईल. तिनं तोंड उघडलं. पण आई आठवते असं म्हणणं, आणि तेही ती आठवत नसताना, हे तिला जमेना. आयुष्यभर ती आईबद्दल काही बोललीच नव्हती. बोलायची पहिली वेळ आली, ती खोट्यानं सुरू करायची नव्हती.

“नाही,” वृषाली म्हणाली. “मला आठवत नाही.”

उरलेल्या दोन वाट्या झाल्या. रुमाल सोडायला कुणी पुढं आलं नाही, तेव्हा शेवटी तिनंच तो वर सरकवला. गौतमी वानखडे पडद्याकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी तो तिच्याकडे फिरवला.

निळी रेघ तिच्या अपेक्षेइतकीच चढलेली होती. पण तांबडी, दुसऱ्या वाटीपाशी, तिला ओलांडून पडद्याच्या माथ्याला जाऊन टेकली होती. बाकीच्या तीन वाट्यांशी ती सपाट होती.

“एवढी चढलेली मी अजून कुणाची पाहिली नाही,” गौतमी वानखडे हळू आवाजात म्हणाल्या. “तुमचा तांदूळ बरोबर आहे, मॅडम. पण तुम्ही नाही म्हणालात. आता मला उत्तर बदलता येत नाही.”

“बदलू नका.”

“जे झालं ते सगळं मी अहवालात लिहीन. पण हप्ता नाही मिळणार. सोमवारी बियाणं न्यायला गाडी येईल.”

वृषालीनं मान हलवली. तिनं ऐकलं होतं, आणि त्याचं दुःख पुढं कितीतरी दिवस पुरणार होतं हेही तिला समजत होतं. आबा आत आले होते. त्यांना पडद्यातलं कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा कळत होता.

“काय झालं गं?”

“आबा, मी ओळखलं तिला,” वृषाली म्हणाली. “मला नाही कळलं. पण ओळखलं.”

गौतमी वानखडे पट्टी सोडायला पुढं झाल्या, तसा तिनं कपाळावर हात ठेवला. “राहू द्या. ती दुसरी वाटी उरलीय ना? परत द्या मला.”

“मॅडम, चाखणी संपली. याची नोंद होणार नाही.”

“नोंद नकोच.”

त्यांनी वाटी दिली, आणि पडदा तिच्यासमोर तसाच ठेवला. वृषालीनं घोट घेतला. तोंडात नुसती पेज होती, जराशी धुरकट, मागनं कडसर. पडद्यावरची तांबडी रेघ पुन्हा चढू लागली. तिच्या डोक्यात, तिला जाता येत नव्हतं अशा कुठल्याशा घडीत, एक पोर आईच्या मांडीवर बसली होती आणि तिला सगळं आठवत होतं. रेघ उतरायला लागली, तसा वृषालीनं घाईनं दुसरा घोट घेतला.